सुपरबाइक घेताना शर्यतीच्या मैदानाकडे किती पाहावे? डुकाटी, बीएमडब्ल्यू, कावासाकी आणि होंडा

सातारा-सांगली पट्ट्यात हजार सीसीची सुपरबाइक आता नवलाईची राहिलेली नाही. द्राक्षाचा हंगाम चांगला गेला किंवा धंद्यात चार पैसे सुटले, की कोणती गाडी घ्यावी याची चर्चा सुरू होते आणि त्यात ‘वर्ल्ड सुपरबाइक कोण जिंकते’ हा मुद्दा हमखास निघतो. तो रास्तही आहे, कारण १९८८ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत मोटोजीपीसारखे केवळ शर्यतीसाठी घडवलेले यंत्र चालत नाही. ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच शर्यतीची गाडी तयार करावी लागते. मात्र नुसती अजिंक्यपदे मोजून कंपनीची बांधिलकी कळत नाही. पराभवानंतर ती किती काळ टिकून राहिली आणि चांगली गाडी खासगी संघांच्याही हाती देते का, हे दोन प्रश्न माझ्या मते अधिक उपयोगाचे आहेत.

या दोन्ही कसोट्यांवर डुकाटी सर्वांत पुढे आहे. रेमंड रॉश याने १९९० मध्ये मिळवलेल्या पहिल्या विजेतेपदापासून २०२३ मधील अल्वारो बाउतिस्तापर्यंत रायडरची सोळा अजिंक्यपदे या कंपनीच्या खात्यावर आहेत. परंतु २०११ नंतर पुढचे विजेतेपद मिळायला २०२२ उजाडले आणि मधल्या संपूर्ण काळात तिने मैदान सोडले नाही, ही गोष्ट मला त्या आकड्याहून मोठी वाटते. २०१९ मध्ये पॅनिगाले व्ही४ आर घेऊन बाउतिस्ताने हंगामातील पहिल्या अकरा शर्यती ओळीने जिंकल्या, आणि त्यांतील नऊ झाल्यावरच नियामकांनी इंजिनाची कमाल आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) मर्यादा २५० ने कमी केली. पुढे बाउतिस्ता वारंवार पडला आणि अजिंक्यपद कावासाकीच्या जोनाथन रेकडे गेले. सर्वांत वेगवान गाडी असली म्हणजे विजेतेपद मिळतेच असे नाही, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही. दुसऱ्या कसोटीचे उत्तर सप्टेंबर २०२४ मध्ये क्रेमोना येथे मिळाले. तेथे बार्नी या खासगी संघाच्या दानिलो पेट्रुचीने तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि त्याही डुकाटीच्याच गाडीवर.

बीएमडब्ल्यूचा प्रवास याच्या उलट आहे. २००९ मध्ये एस १००० आरआर घेऊन उतरलेल्या या कंपनीने २०१३ च्या हंगामानंतर कारखान्याचा संघ बंद केला, २०१९ मध्ये पुनरागमन केले आणि २०२४ मध्ये तोप्राक राझगातलियोलूने तिला रायडरचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. त्या वर्षी त्याने सलग तेरा शर्यती जिंकल्या. तरीही उत्पादकांचे अजिंक्यपद डुकाटीकडेच गेले. यश यंत्राचे किती आणि एका असामान्य रायडरचे किती, ही शंका त्यामुळे मनात राहते. पिछाडीवरच्या कंपन्यांना चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, बदल करण्याची जी विशेष सवलत दिली जात होती ती २०२५ च्या हंगामाआधी काढून घेण्यात आली, तरीही तोप्राकने विजेतेपद राखले, हे बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांच्या बाजूने नोंदवावेच लागेल. आता तो मोटोजीपीत यामाहाकडे गेला असून बीएमडब्ल्यूने पेट्रुची आणि मिगेल ऑलिव्हेरा यांना करारबद्ध केले आहे. खरी परीक्षा यापुढची आहे.

कावासाकीने २०१५ ते २०२० या काळात रेच्या साथीने सलग सहा अजिंक्यपदे मिळवली, पण २०२५ पासून तिचा मुख्य संघ बिमोटा या इटालियन कंपनीच्या नावाने, कावासाकीच्या झेडएक्स-१०आरआरचेच इंजिन पण बिमोटाची चॅसी असलेल्या गाडीवर उतरतो. शर्यतीतून तिने अंग काढून घेतले असे म्हणता येणार नाही. तथापि शोरूममधील कावासाकीच्या हिरव्या गाडीची चॅसी मुख्य संघाकडून यापुढे पूर्वीसारखी घासूनपुसून पारखली जाणार नाही, हे उघड आहे.

होंडाचे प्रकरण सर्वांत विचित्र म्हटले पाहिजे. २०२० पासून एचआरसी या होंडाच्या शर्यत विभागाचा अधिकृत संघ, फायरब्लेड ही नवी सुपरबाइक आणि भरपूर साधनसामग्री असूनही २०२५ च्या हंगामाअखेरपर्यंत त्या संघाला एकही शर्यत जिंकता आली नाही. होंडाचा त्याआधीचा विजय २०१६ मधील सेपांगचा, दिवंगत निकी हेडनने मिळवलेला. बांधिलकी असूनही स्पर्धाक्षमता नसणे म्हणजे काय, ते येथे दिसते. (यामाहाची आर१ भारतात विकली जात नाही आणि सुझुकी या स्पर्धेत नाही, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.)

आता प्रश्न राहतो तो आपल्या रस्त्यांचा. खंबाटकी घाटात किंवा तासगावच्या वाटेवर डुकाटी आणि बीएमडब्ल्यू यांच्यातील फरक फारसा जाणवणार नाही. जाणवेल ती डुकाटीच्या मागच्या दोन सिलिंडरांची मांड्यांना लागणारी धग आणि टॅपेट सेटिंगचा, म्हणजे व्हॉल्व्हचे अंतर तपासून जुळवण्याचा, खर्च. डुकाटीच्या डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह उघडणे आणि बंद करणे ही दोन्ही कामे यांत्रिक रॉकर करतात, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन अंतर तपासावे लागतात आणि त्यासाठी गाडी पुण्याला न्यावी लागते. उलट कावासाकीने २०१८ पासून झेडएक्स-१०आरची जोडणी चाकणला सुरू केल्याने किमतीत पडलेला फरक मोठा आहे, आणि साध्या चार सिलिंडरी इंजिनाचे काम जाणणारा मेकॅनिक मिळणे तुलनेने सोपे जाते.

म्हणून माझे मत असे, की वर्षातून दोनदा तरी गाडी कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर नेणार असाल आणि खर्चाची तयारी असेल, तर डुकाटीच घ्यावी, कारण तिच्या शर्यतीतील गुंतवणुकीचा लाभ खासगी रायडरपर्यंत खरोखर पोहोचतो. ट्रॅकवर जाणारच नसाल तर कावासाकी पुरेशी आहे. बीएमडब्ल्यूकडे मन ओढत असेल, तर तोप्राकविना तिचा एक पूर्ण हंगाम पाहून मगच बुकिंग करावे. होंडा घ्यायचीच असेल, तर ती रस्त्यावरची उत्तम गाडी म्हणून घ्यावी. शर्यतीचा मुद्दा तिच्या बाजूने मांडू नये.