ऐंशी रुपये भरायचे आहेत: यूपीआय, लाइट, कार्ड की वॉलेट?

आमच्या वहिनी गोव्यात वाळपईला राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. दसऱ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला, "भावजी, दिवाळी अंक आता फोनवरही मिळतो म्हणे, ऐंशी रुपयांत. पैसे कसे भरू? पेन्शनच्या खात्याला मात्र धक्का लागता नये."

त्यांच्या शेवटच्या वाक्यावरच माझी सगळी तुलना उभी आहे. ऐंशी रुपये बुडाले तर सोसता येतात. त्यांच्यामागे कोणतं खातं उघडं पडतं, ते आधी बघायचं.

साधं यूपीआय सगळ्यांच्या हातातलं. २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बायकांकडेही त्याचा क्यूआर असतो. बँक खात्यातून दिलेल्या पैशांवर विक्रेत्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, पडत नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासूनचा. म्हणून अंक, बियाणी, लोणची विकणारे छोटे लोक तेच मागतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे तुमचं मुख्य खातं थेट जोडलेलं राहतं. दुसरी रेंजची, आणि ती आमच्या सत्तरी तालुक्यात कोणाला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात केरीहून दोडकी-भेंडीच्या बियाण्यांचे १८० रुपये भरताना मध्येच रेंज गेली. खात्यातून पैसे गेले, ऑर्डर मात्र नोंदली गेली नाही. मी घाईत पुन्हा भरणार होतो, पण थांबलो, आणि चौथ्या दिवशी पैसे परत आले. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार विक्रेत्याला केलेला असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे. नाही उलटला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

यूपीआय लाइट मला लहान खरेदीसाठी सर्वांत पटलं. खात्यातून थोडे पैसे आधीच त्यात टाकून ठेवायचे, जास्तीत जास्त ५,००० रुपये. एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय भरता येतात. दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारावं लागत नाही, म्हणून बँकेचा सर्व्हर मंदावला तरी पैसे सहसा अडकत नाहीत. पासबुकात फक्त लाइटमध्ये टाकलेली रक्कम दिसते, किरकोळ खर्चांची रांग लागत नाही. पण पिन नाही याचा अर्थ फोन दुसऱ्याच्या हाती उघडा पडला तर शिल्लक गेली. म्हणून पाचशेच्या वर ठेवू नये, आणि फोनला लॉक हवाच. प्रत्येक संकेतस्थळावर लाइट चालेलच असं नाही, तेही लक्षात असू द्या.

कार्डासाठी ओटीपी लागतो, आणि वाळपईत तो कधीकधी पान बंद झाल्यावर येतो! ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, ही मोठी सुधारणा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन वापर बंद ठेवता येतो किंवा त्याची मर्यादा ठरवता येते. हे फार थोडे लोक करतात. परदेशी संकेतस्थळावर काही घ्यायचं असेल तर बहुधा कार्डच काढावं लागतं. ऐंशी रुपयांच्या अंकासाठी मी ते काढणार नाही.

वॉलेट म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं वेगळं पाकीट; त्यात बँक खातं दूर राहतं, हा त्याचा गुण. पण परतावा बहुधा वॉलेटमध्येच येतो आणि उरलेले वीस-तीस रुपये तिथेच पडून राहतात. लाइट असताना वहिनींना ते वेगळं कशाला?

शेवटी त्यांनी दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडलं, त्यात दोन हजार ठेवले आणि यूपीआय व लाइट त्यालाच जोडलं. पेन्शनचं खातं फोनवर नाहीच. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे त्यांनी फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, खाली १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक. मी आणखी एक बघायला सांगितलं: अंक घेताना 'ऑटोपे'ची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची, खूण आधीच केलेली असेल तर काढा. १५,००० रुपयांपर्यंतचा पुढचा प्रत्येक हप्ता पुन्हा पिन न विचारता जाऊ शकतो. बँक चोवीस तास आधी कळवते, पण तो संदेश वाचायला हवा. त्यांनी बघितलं, तर खूण होतीच.