ब्रेकचा पाईप सांगून तांब्याची फ्रिजची नळी गळ्यात मारली, सुटा पाईप घेणाऱ्यांनी वाचा

ज्यांच्याकडे अजून जुनी मारुती 800, झेन नाहीतर ओम्नी आहे आणि जे घरीच बारीकसारीक कामं करतात त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. माझ्याबरोबर झालं ते तुमच्याबरोबर होऊ नये.

आमची 800 बाबांनी 2003 ला नवी घेतलेली. आम्ही रत्नागिरीला, घर समुद्रापासून जवळच, त्यामुळे खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, गाडीच्या खालच्या बाजूची काय अवस्था होते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाईपची नखाने खपली निघायला लागली तेव्हा म्हटलं आता थांबायचं नाही. गॅरेजवाला म्हणाला कंपनीचा पाईप मागवावा लागेल, आठ-दहा दिवस जातील. मी त्याच आठवड्यात पुण्याला जाणार होतो, तिथे एका स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, लोखंडाचा कशाला घेताय, परत गंजणार. हा कुप्रोनिकेल घ्या, बाहेरच्या गाड्यांना हाच असतो." मी आधीच वाचलं होतं की तांबं-निकेलचा पाईप गंजत नाही आणि व्होल्व्होसारखी कंपनी 1970 च्या दशकापासून तो वापरते, त्यामुळे मला लगेच पटलं. 25 फुटाचं वेटोळं, 2,200 रुपये, पक्कं बिल नाही, चिठ्ठीवर नुसतं "कॉपर पाईप 25 फूट". ती चिठ्ठी मी वाचलीसुद्धा नाही नीट, तिथेच फसलो.

घरी आल्यावर मागची बाजू जॅकवर घेतली, स्टँड लावले, गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला. जुना पाईप काढून त्याच मापाने नवा वाकवला तर तो हाताने इतका सहज वाकत होता की बेंडर लागलाच नाही. डबल फ्लेअर (नटात घट्ट बसावं म्हणून पाईपचं तोंड दुहेरी दुमडून फुलवतात तो) पण पहिल्या फटक्यात बसला. मला वाटलं आपला हात बसला, खरं म्हणजे तिथेच शंका यायला पाहिजे होती. मग बायकोला पेडलवर बसवून लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढली, डॉट 3 ऑईल भरलं, पेडल कडक लागलं. एका जॉइंटला थोडं ओलं दिसत होतं म्हणून नट दोनदा आवळला, तो आणखी थोडा फिरायचाच. तांबं मऊ म्हणून दबत होतं, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

साडेतीन महिन्यांनी, सकाळी गाडी खळ्यातून मागे घेत होतो, बाबा मागे उभे राहून "ये, ये" करत होते आणि ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. ब्रेक ऑईलचा दुसरा सर्किट वेगळा असल्यामुळे थोडा ब्रेक लागला, मी हँडब्रेक खेचला आणि गाडी बाबांपासून हातभर अंतरावर थांबली. त्यांच्या मागे चिऱ्याचा गडगा होता. लिहितानाही अंगावर काटा येतो.

खाली बघितलं तर मागच्या एका नटाच्या आत, फ्लेअरच्या मानेला पाईप चिरलेला. शेजारच्या काकूंचा भाचा एसीचं काम करतो, त्याने तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, ही तर आमची फ्रिजची नळी, ब्रेकला कुठून लावलीत?" बाहेरचं माप दोन्हीचं सारखंच, 4.75 मिलिमीटर, म्हणून ब्रेकच्या नटात बरोब्बर बसते. व्हर्नियर लावला तर जाडी अर्धा मिलिमीटर, ब्रेक पाईपची 0.7 च्या आसपास असते. पण नुसत्या जाडीचा प्रश्न नाही. ब्रेक जोरात दाबला की पाईपमध्ये 70-100 बार प्रेशर येतं, फ्रिजच्या नळीत त्याच्या कितीतरी कमी, आणि शुद्ध तांबं गाडीच्या थरथरीने हळूहळू ताठर होतं आणि जिथे वळण किंवा फ्लेअर असेल तिथे चिरतं. निकेल मिसळलेला पाईप हे सहन करतो, साधं तांबं नाही करत.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "आम्ही कॉपर पाईप लिहून दिला होता, ब्रेकला तुम्ही लावला." आणि चिठ्ठीवर खरंच तेच होतं. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार केली आहे पण पक्कं बिल नाही म्हणून हातात काही दाखवायला नाही.

तेव्हा पाईपवर किंवा पॅकिंगवर ब्रेकचं स्टँडर्ड, मटेरियल आणि जाडी छापलेली नसेल तर घेऊ नका. चुंबकावर विश्वास ठेवू नका, तांबं आणि कुप्रोनिकेल दोन्हीला चुंबक चिकटत नाही, त्याने फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड ओळखता येतं. बिलावर "ब्रेक पाईप" हे शब्द दुकानदाराकडून लिहूनच घ्या, तो टाळायला लागला तर दुकानातून बाहेर पडा. ज्यांनी आधीच असा सुटा लाल पाईप टाकलाय त्यांनी आजच गाडीखाली जाऊन नटांच्या मागे बोट फिरवून ओलं लागतंय का बघा, आणि कोरडं असलं तरी खात्री नसेल तर पाईप बदलाच.

मी शेवटी कंपनीचे, फ्लेअर आणि नटासकट येणारे पाईप मागवले, नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस गाडी खळ्यात चाकांना दगड लावून उभी होती आणि बाबा रिक्षाने दवाखान्यात जात होते.