बुडालेल्या ट्रॉलरवरचं होकायंत्र: माल अस्सल, सफाई उलटी

जुनी मोजमापाची उपकरणं जमवायचा मला नाद आहे, त्यामुळे ‘समुद्रातून काढलेलं’ म्हणून काय काय खपवतात ते बरंच पाहिलंय. पुष्कळदा नवंच पितळ रसायन लावून हिरवं केलेलं असतं. हे तसं नाही. बुडालेल्या मासेमारी ट्रॉलरच्या सुकाणूघरातून पाणबुड्यांनी काढलेलं हे होकायंत्र आहे आणि त्याचा पुरावा त्याच्या अंगावरच आहे.

पितळी वाटी दुहेरी कड्यांत टांगलेली, म्हणजे बोट कितीही हेलकावली तरी तबकडी सपाट राहावी. बाहेरच्या कडीवर बार्नेकल (बोटींना, खडकांना चिकटून वाढणारे कवचवाले समुद्री जीव) निघून गेल्याचे चुनकट गोल वण आहेत. वाटीच्या काठाशी पितळ चक्क गुलाबी पडलंय. खारं पाणी पितळातलं जस्त हळूहळू काढून घेतं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं; नखाने खरवडलं तर कणी सुटते. हे वरून रंग फासून जमत नाही. कडीच्या पोलादी स्क्रूंची मात्र नुसती भोकं उरलीत. समुद्राच्या पाण्यात पोलाद पितळाला टेकलं की आधी पोलाद गंजतं, आणि तेवढं शेजारचं पितळ वाचतं.

काचेखालचं द्रव गळून गेलंय, तबकडीवर तपकिरी ओघळ आहेत, पण अंशांचे आकडे वाचता येतात. लोखंडी पाना काचेवर धरला की तबकडी अडखळत का होईना, वळते!

आता तक्रार. विक्रेत्याने ते घासून चकचकीत केलं आणि वर लॅकर, म्हणजे हवा अडवणारा पारदर्शक लेप, मारलं, पण आतलं मीठ काढलंच नाही. दमट हवा लागताच लॅकरखाली फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके उठले. हा नेहमीचा कळक नव्हे. मिठातली, धातूत अडकलेली क्लोराइडं ओल आणि हवा मिळाली की तांबं खात राहतात. जाणकार याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. आधी ही क्लोराइडं बाहेर काढणाऱ्या सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या (सोड्यासारख्या क्षाराच्या) द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवायचं, द्रावण बदलत राहायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, पूर्ण वाळवण, बेंझोट्रायझोल (तांब्याचं गंजणं रोखणारं रसायन) आणि सगळ्यात शेवटी लॅकर. इथे शेवटची पायरी पहिली उरकली. आता ॲसिटोनने ते काढत बसणं आलं, आणि घासण्यात गेलेला जुना थर काही परत येणार नाही.

कागद मात्र चोख. बुडाली म्हणून बोट बेवारस होत नाही. मालकाचा किंवा विमा कंपनीचा हक्क शाबूत असतो आणि अनेक देशांत अशी वस्तू सरकारकडे जाहीर करावी लागते. मालकाच्या संमतीची प्रत न मागता आली. बोटीवरचे सगळे वाचले होते, हेही त्यात लिहिलंय. ते वाचल्यावरच मी ते दिवाणखान्यात ठेवलं.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचं असेल तर घासू नका, लॅकर मारू नका, आहे तसंच पाठवा असं ऑर्डर देतानाच सांगा. मी विचारलं, ते तसं पाठवतात.