पॅक-मॅनच्या कॅबिनेटात ६०-इन-१: बोर्ड बरा, खरं काम बाकीचं

मुस्तफा खेळायला मिळेल म्हणून ६०-इन-१ बोर्ड (एकाच पाटीत साठ जुने आर्केड गेम) घेणार असाल, तर आधीच थांबा. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ज्याला सगळे मुस्तफा म्हणायचे, तो कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आडव्या पडद्याचा गेम. हा बोर्ड उभ्या पडद्याच्या जुन्या गेम्ससाठी आहे: पॅक-मॅन, मिस पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग, फ्रॉगर, डिग डग, १९४२, टाइम पायलट वगैरे साठ. म्हणजे १९८०च्या मिडवे पॅक-मॅनसारख्या, १९ इंची उभा मॉनिटर असलेल्या कॅबिनेटला तो शोभतो. इथे त्याच कॅबिनेटाच्या हिशेबाने लिहितो आहे.

बोर्ड स्वतः साधा आहे. तळहाताएवढ्या पाटीवर एक प्रोसेसर, आवाजाचा अँप्लिफायर, व्हॉल्यूमची बारीक खुंटी, डिप स्विच (सेटिंगचे छोटे सरकते स्विच), एका कडेला ५६ पिनांचा जॅमा कनेक्टर (बोर्ड कॅबिनेटला जोडायची आर्केडमधली ठरलेली पिनरचना) आणि शिवाय व्हीजीएचं सॉकेट. जुन्या मॉनिटरसाठी १५ किलोहर्ट्झ, कॉम्प्युटरच्या मॉनिटरसाठी ३१ किलोहर्ट्झ, असे दोन्ही सिग्नल मिळतात. कोणता हवा ते डिप स्विचवर ठरतं, आणि हे वीज देण्याआधी करायचं. १५ किलोहर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला ३१चा सिग्नल गेला की चित्र फाटतं, शिट्टीसारखा आवाज येतो. तसाच चालू ठेवलात तर मॉनिटरमधला हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

या बोर्डाच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारी खरं तर विजेच्या असतात. पॅक-मॅनच्या कॅबिनेटात ५ व्होल्ट डीसी कुठेच तयार मिळत नाही. ट्रान्सफॉर्मर सुमारे ७ व्होल्ट एसी देतो आणि त्याचे ५ व्होल्ट मूळ गेम बोर्डावरच होतात. तो बोर्ड काढला की ५ व्होल्टही गेले. त्यामुळे वेगळा आर्केड एसएमपीएस (डीसी देणारा पॉवर सप्लाय) बसवावा लागतो: ५ आणि १२ व्होल्ट. उणे ५ या बोर्डाला लागत नाही. अनेक एसएमपीएसवर ११०/२३०चा सरकता स्विच असतो. आपल्याकडे तो २३०वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. ११०वर राहिला तर पहिल्याच क्षणी धूर.

मूळ ट्रान्सफॉर्मर मात्र काढू नका. मॉनिटरच्या चेसिसला, म्हणजे त्याच्या सर्किटच्या पाटीला, मेनपासून स्वतःचं आयसोलेशन नसतं; तिला मेनपासून तोडलेली, आयसोलेटेड वाइंडिंग त्याच ट्रान्सफॉर्मरमधून मिळते. ‘आता एसएमपीएस आहे, हा लोखंडाचा गोळा कशाला’ असं म्हणून तो उपसणारे मॉनिटर तरी जाळतात, नाहीतर स्वतः शॉक खातात. कॅबिनेट अमेरिकेतून आणलेलं असेल तर त्याच्या मेनच्या तारेआधी ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लागेल, हे वेगळं.

व्होल्टेज मोजायचं ते सप्लायच्या स्क्रूवर नाही, बोर्डाच्या कनेक्टरवर, आणि गेम चालू असताना. मल्टिमीटरची काळी तार पिन १वर (ग्राउंड), लाल तार पिन ३वर. ५.० ते ५.१ हवेत. सप्लायवर ५.०५ दिसतात आणि लांब, बारीक तारांच्या शेवटी ४.७ उरतात, मग गेम रंगात येताच बोर्ड नव्याने सुरू होतो आणि लोक बोर्ड परत पाठवतात. जॅमात ५ व्होल्टला चार पिना आहेत (३, ४, सी, डी). चारही जोडा, ग्राउंडच्याही सगळ्या जोडा, आणि या तारा १८ गेजच्या घ्या. तरी कमी पडलं तरच सप्लायची खुंटी फिरवा. ५.२५च्या वर नेऊ नका.

चित्र आहे पण आवाज नाही? आधी पिन ६वर १२ व्होल्ट आहेत का बघा, अँप्लिफायर त्यावर चालतो. ते असतील तर व्हॉल्यूमची खुंटी. स्पीकरची उणे तार (पिन एल) ग्राउंडला जोडू नका. ती थेट स्पीकरलाच जाते.

हार्नेस (कनेक्टरसकट तारांचा जुडगा) स्वस्तातला घेतला तर एका गोष्टीची खात्री करून घ्या. पिन ७च्या जागी किल्ली, म्हणजे प्लास्टिकची छोटी आडकाठी, असायला हवी. ती नसली तर कनेक्टर उलटाही बसतो. उलटा बसल्यावर ग्राउंड ग्राउंडवरच येतं, ५ व्होल्ट रिकाम्या पिनांवर पडतात, पण १२ व्होल्ट नेमके पिन २३च्या जागी, म्हणजे दुसऱ्या बटणाच्या लाइनवर. त्या इनपुटचं काय होतं ते सांगायला नको.

पॅक-मॅनच्या कॅबिनेटातला मूळ कनेक्टर ४४ पिनांचा, जॅमा १९८५ नंतरचं. मधे अ‍ॅडॉप्टर लागतो. बाजारात तो दोन उलट दिशांचा मिळतो: एक पॅक-मॅनच्या कॅबिनेटात जॅमा बोर्ड लावायला, दुसरा जॅमा कॅबिनेटात पॅक-मॅनचा बोर्ड लावायला. आपल्याला पहिला हवा. नावं इतकी सारखी असतात की फोटो बघून घ्या: बोर्ड ज्यात खोचायचा ती ५६ पिनांची खाच आणि कॅबिनेटच्या बाजूला ४४ पिनांची उघडी कड.

सिंकची (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलची) तार जॅमात एकच असते. मॉनिटरला आडव्या-उभ्या सिंकच्या वेगळ्या पिना असतील तर निगेटिव्ह सिंकच्या दोन्ही पिनांवर तीच तार द्यावी लागते. चित्र उलटं आलं तर मॉनिटर फिरवू नका, बोर्डाच्या सेटिंगमध्ये फ्लिप आहे.

आता हाताखालचं. पॅक-मॅनच्या पॅनेलवर गोळीबाराचं बटणच नाही! एक जॉयस्टिक आणि दोन स्टार्ट, एवढंच. गॅलागाला एक बटण, झेव्हियस आणि १९४३ला दोन. मूळ पॅनेलला २८ मिलिमीटरची भोकं पाडणं हा गुन्हाच समजा. नक्कल पॅनेल घ्या आणि मूळचं जपून ठेवा.

जॉयस्टिकवर तर सगळा खेळ अवलंबून आहे. पॅक-मॅन, डाँकी काँग, डिग डग यांना चार दिशांची लागते. टाइम पायलट, १९४२ यांना आठ. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळलं की कोपऱ्यावर हात जरासा तिरका होतो, वर आणि डावा असे दोन स्विच एकदम दबतात, आणि पिवळा गोळा वळायचं सोडून सरळ भुताच्या तोंडात जातो. लोक याला ‘बोर्ड स्लो आहे’ म्हणतात. दांडा वर ओढून फिरवला की चार-आठ बदलणारी मॅग-स्टिक प्लस घ्या; पॅनेल उघडावं लागत नाही. सेंटिपीड मूळचा ट्रॅकबॉलचा, अर्कानॉइड फिरत्या खुंटीचा. जॉयस्टिकवर ते दोन्ही लंगडेच.

आवाजात फरक कळतो. डाँकी काँगमधल्या उडीचा आणि पावलांचा आवाज मूळ बोर्डावर अ‍ॅनालॉग सर्किटमधून यायचा. इथे तो तसा भरीव येत नाही. मूळ मशीन कानात बसलेल्यांना खटकेल, मुलांना नाही. सोयी मात्र छान आहेत: नको ते गेम मेनूतून बंद करता येतात, नाण्याशिवाय खेळता येतं, स्टार्ट दाबून धरलं की यादीवर परत. आणि भिंतीवरचा स्विच सरळ बंद करायचा. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर केलेल्या जोडणीत अशी वीज घालवत राहिलात तर एसडी कार्ड कधीतरी बिघडतंच.

यातले गेम मूळ कंपन्यांच्या परवान्याशिवाय भरलेले आहेत. घरात ठेवा, पैसे घेऊन चालवायचा विचार नको. एकाच नावाच्या नकलाही पुष्कळ आहेत, दिसायला सगळ्या सारख्या. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

मूळ पॅक-मॅन बोर्ड चालू असेल तर माझं मत वेगळं आहे. त्याच्या झेड-८०च्या सॉकेटात बसणारे छोटे मल्टिगेम बोर्ड मिळतात. तो प्रोसेसर उपसायचा, त्याच्या जागी हा. गेम पॅक-मॅनच्याच हार्डवेअरवरचे, पण वीज, वायरिंग, मॉनिटर, काहीच बदलायचं नाही. १९८२ची मिस पॅक-मॅन तरी काय होती? त्याच सॉकेटात खोचलेला एक जादा बोर्ड.

६०-इन-१च लावणार असाल तर काढलेला बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, स्क्रूंसकट, कॅबिनेटच्या तळाशी चिकटपट्टीने बसवा. अ‍ॅडॉप्टर वापरून, एकही तार न कापता केलं असेल, तर जुनं पॅक-मॅन परत लावायला दहा मिनिटं लागतात.