चार माणसांचा टेंट, अकरा महिने आणि बाहेरच्या दाराची चेन

मागच्या दिवाळीनंतर आम्ही पाच मित्रांनी वर्गणी काढून टेंट घेतला, ८,४०० रुपयांना, म्हणजे माणशी १,६८०. दोन दारं, आत जाळीची खोली, वरून बाहेरचं कव्हर, फायबरचे पोल, वजन साडेपाच किलोच्या आसपास, हे सगळं तुम्हाला माहीत असतंच त्यामुळे परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही टेंटला लागू आहे. घेताना आम्ही कापड किती मिलिमीटर पाणी झेलतं ते बघितलं, वजन बघितलं, पोल वाकवून बघितले, आणि ज्या गोष्टीला रोज रात्री वीस वेळा हात लागतो ती चेन कुणी बघितली नाही.

घेण्याचं कारण सरळ पैशाचं होतं. आमचं महिन्यातून एक शनिवार-रविवार बाहेर पडायचं ठरलेलं असतं आणि पवना धरणाच्या काठावर तयार कॅम्पला आम्ही माणशी हजार-बाराशे मोजत होतो, वर रात्री एक वाजेपर्यंत शेजारच्या ग्रुपचा स्पीकर. स्वतःचा टेंट असला की गावातल्या कुणाच्या तरी शेतात विचारून लावायचा, जागेचे आणि जेवणाचे पैसे त्या घरी द्यायचे. हिशोब दोन ट्रिपमध्ये वसूल होणार होता आणि झालाही.

पहिली ट्रिप डिसेंबरात पवनेलाच, सकाळी तिकोना किल्ला करायचा म्हणून. चार माणसांचा टेंट म्हणजे बॅगा गाडीत ठेवल्या तर चार, बॅगा आत घेतल्या तर तीन, हे आधीच डोक्यात ठेवा. आमचा पाचवा (कोथरूडवाला) स्वतःहून गाडीत झोपतो, त्याला सीट मागे पाडून मस्त झोप लागते. सकाळी उठलो तर स्लीपिंग बॅगा वरून ओल्या आणि दोघांनी लगेच जाहीर करून टाकलं की टेंट गळतो, परत करा. गळत नव्हता. पाण्याच्या काठावर थंडीत चार माणसं सगळं गच्च बंद करून रात्रभर श्वास सोडणार, ती वाफ थंड कापडाला लागून पाणी होणार आणि खाली ठिबकणार. त्यानंतर कितीही थंडी असली तरी वरच्या दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवतो आणि बाहेरचं कव्हर आतल्या खोलीला टेकणार नाही इतकं ताणून बांधतो. परत कधी ओलं झालं नाही. याचे मार्क मी कापत नाही, फक्त हे पिशवीवर दोन ओळीत छापायला काय हरकत होती?

जानेवारीत नाणेघाट. जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने गेलो, दुपारी गुहेतला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख बघितला, राणी नागनिकेचा म्हणतात तो, त्यात आकडेसुद्धा कोरलेत, आणि घाटाच्या तोंडाशी तो जकातीचा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून माल घेऊन चढणारा माणूस इथे पैसे टाकत असेल हे नुसतं वाचणं वेगळं आणि त्या रांजणावर हात ठेवून उभं राहणं वेगळं, आम्ही पाचही जण तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होतो. रात्री मात्र वारं असं सुटलं की टेंट एका बाजूने आत दबून तोंडाला लागत होता. पोल वाकले, मोडले नाहीत. सगळ्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि खुंट्यांवर दगड ठेवले होते, तेवढ्यावर रात्र निघाली. पोलांना पैकीच्या पैकी.

मार्चमध्ये दापोलीकडे, कर्दे. हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव बघितला, समोर सुवर्णदुर्ग, रात्री सुरमई, याच्यावर वेगळं लिहिता येईल इतकी चांगली ट्रिप झाली. टेंट वाळूला लागून असलेल्या एका वाडीत लावला होता, मालकाला विचारून. आम्ही रात्रभर वाळूचे पाय घेऊन आतबाहेर करत होतो, आणि चेन पहिल्यांदा कुरकुरली ती इथे. कुणी लक्ष दिलं नाही. पुण्यात आल्यावर टेंट झटकला, घडी केली, माळ्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे अखेरीला भंडारदरा, काजव्यांसाठी. चाकणचं ट्रॅफिक पार करून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं करत पोचायला दुपार झाली. विल्सन डॅम बघितला, १९२६ ला पूर्ण झालेला, प्रवरेवरचा. मग रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आणि जवळची पुष्करणी. देवळाचं कोरीवकाम इतकं बारीक आहे की आमच्यातला एक जण, जो एरवी देवळात पाच मिनिटं थांबत नाही, तो फिरून फिरून खांब बघत राहिला. अंधार पडल्यावर काजवे. एक झाड लागतं, मग शेजारचं, मग सगळा उतार एका लयीत उघडझाप करतो. ते जोडीदाराला बोलवायला चमकतात, त्यामुळे टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाईट काहीही लावू नका, कळकळीने सांगतो, आमच्या समोर लोक झाडावर टॉर्च मारत होते आणि ते झाड विझत होतं.

टेंट शेंडी गावाच्या बाजूला एका घरामागच्या शेतात होता. रात्री साडेबाराला वळीव आला, विजा, ढग, आडवा पाऊस. मी बाहेरच्या दाराची चेन खाली ओढली, रनर (चेन लावायला-उघडायला जो तुकडा ओढतो तो) खालपर्यंत गेला आणि त्याच्या मागे चेन उघडीच. परत वर, परत खाली, तेच. दाते दिसायला एकदम ठीक, पण एकमेकात बसतच नव्हते. दार हाताने धरून मी आणि बँकवाला मित्र तासभर आळीपाळीने बसलो, मग घरातल्या मावशींनी कपड्यांचे चिमटे आणि सेफ्टी पिना आणून दिल्या, त्या माऊलीचे उपकार आहेत, चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत तिने. आत जे काही पाणी आलं ते फक्त त्या दारातून. छतातून, शिवणीतून, खालून, एक थेंब नाही. म्हणजे आठ हजाराचं सगळं कापड आपलं काम चोख करत होतं आणि बोटाएवढ्या एका तुकड्यापायी आम्ही भिजत होतो.

पुण्यात येऊन कंपनीला फोन. वॉरंटी दोन वर्षं, बिल जपून ठेवलेलं, मला वाटलं दोन दिवसात होईल. फोटो पाठवा, पाठवले. व्हिडिओ पाठवा, पाठवला. आठवड्याने उत्तर, चेन ही झिजणारी गोष्ट आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक, मग पैसे घ्या आणि रनर द्या. रनर सुटा मिळत नाही, त्याला पार्ट नंबरच नाही, बाहेरचं कव्हर अख्खं घ्यावं लागेल, ३,९०० रुपये. चार मेल, तीन फोन, एक चक्कर दुकानात. दुकानातला मुलगा बिचारा चांगला बोलला, म्हणाला सर मला पण पटत नाही पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाहीये. शेवटी नवीन टेंटवर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. मला नवीन टेंट नको होता! कापड चांगलं, पोल चांगले, शिवण चांगली, तो टाकून दुसरा का घ्यायचा? माझ्या वडिलांनी एकच प्रेशर कुकर रिंग आणि शिट्टी बदलून बदलून वर्षानुवर्षं चालवला, त्या घरात वाढलेल्या माणसाला हे असलं उत्तर पचत नाही. त्या रात्री मी "हा टेंट अजिबात घेऊ नका" असं लिहून ठेवलं होतं, पाचपैकी एक स्टार.

बरं झालं टाकलं नाही, कारण आठ दिवसांनी मत बदललं.

रविवार पेठेत बॅगांचं सामान मिळतं, तिथे चौकशी करत एका बॅग रिपेअरवाल्या काकांकडे पोचलो. त्यांनी रनर उलटा करून मागचा आकडा दाखवला, ५. म्हणाले, दाते नायलॉनचे आहेत, त्यांना काही झालं नाही, रनर फाकलाय. रनरच्या दोन पाकळ्यांमधून दाते दाबून एकमेकात बसतात, त्या पाकळ्या एवढ्याशा जरी फाकल्या तरी दाब जातो आणि चेन मागे उघडी राहते. मग त्यांनी रनरच्या आत साचलेली पांढरी पावडर नखाने काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, समुद्रावर नेला होता का?

कर्दे. खारं पाणी आणि बारीक वाळू. रनरचा धातू जस्ताचा असतो, तो खाऱ्याने असा पांढरा पडून खातो आणि वाळू कानस लावल्यासारखी आतून घासते. आम्ही तो तसाच माळ्यावर टाकला होता अडीच महिने. म्हणजे वॉरंटीच्या माणसाचं निम्मं म्हणणं बरोबर होतं आणि निम्मी चूक आमची, हे इथे लिहिलं पाहिजे. पण रनर सुटा न देणं ही चूक मात्र शंभर टक्के कंपनीची, त्यावर माझं मत तसूभर हललेलं नाही.

काकांनी दोन्ही दारांच्या चेनचं खालचं टोक उसवलं, जुने चारही रनर काढले, नवे घातले, टोकाला जाड टाके मारले. पंचवीस मिनिटं. रनर वीस रुपयांना एक असे चार आणि मजुरी ऐंशी, एकूण १६०. मी म्हटलं काका दोनशे ठेवा, तर चाळीसचे दोन जास्तीचे रनर हातात ठेवले आणि म्हणाले, ट्रिपला बरोबर ठेवा. कुठे ३,९०० आणि कुठे १६०.

त्यांनी शिकवलेलं इथे देतो, कारण हे मॅन्युअलमध्ये नाही. समुद्रावरून आलात की त्याच दिवशी चेन साध्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा, वाळवा, मग मेणबत्ती दात्यांवरून हलकी फिरवा आणि वरचं जास्तीचं मेण फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्याला परत धूळ चिकटते. ओढताना दुसऱ्या हाताने कापड ताणून धरा, एका हाताने तिरकं ओढलं की रनर फाकतो. आणि जंगलात चेन गेलीच तर पक्कडने रनरच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाशी अगदी थोड्या दाबा, दोन-चार दिवस धकतं. जोरात दाबलं तर तुटतो.

पाऊस संपता संपता, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाईला गेलो. कास पठाराचं बुकिंग आधी केलेलं होतं, फुलं भरपूर होती, गर्दीही. मला स्वतःला मेणवली जास्त आवडलं, नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि ती मेरीचं चित्र असलेली घंटा, वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली म्हणतात. मुक्काम धोमच्या बाजूला एका शेतात. रात्री दोनदा पाऊस आला, मी मुद्दाम जागा राहून दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. चेन लोण्यासारखी. आत कोरडं. कोथरूडवाल्यालासुद्धा गाडीतून आत यावंसं वाटलं आणि आम्ही पाच जण कसेबसे मावलो, तसं करू नका, कुणालाच झोप नाही.

बाकी बारीक गोष्टी. सोबतच्या खुंट्या भिकार आहेत, मुरमाड जमिनीत दुसऱ्या ठोक्याला वाकतात, बोहरी आळीतून जाड लोखंडी घेतल्या, वजन वाढलं पण प्रश्न मिटला. घडीची पिशवी एवढी घट्ट की दोन माणसं लागतात. टेंट ओला घडी करून ठेवू नका, कापडाला आतून जो लेप असतो तो चिकट होतो आणि कुबट वास जात नाही. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर वाळवतो, सावलीत, कडक उन्हात दिवसभर नको, कापड लवकर जातं.

हिशोब सांगतो. टेंट ८,४००, रिपेअर आणि जास्तीचे रनर २००, खुंट्या ३५०, म्हणजे ८,९५०. सात मुक्काम झाले आतापर्यंत (दोन वरती लिहिले नाहीत, त्यात टेंटबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही). मुक्कामाला माणशी २५६ रुपये पडले, जागा-जेवण वेगळं. एक स्टारचे चार केलेत. पाचवा स्टार, सुटा रनर दुकानात मिळायला लागेल त्या दिवशी.

नोव्हेंबरात राजमाची किल्ला ठरतोय, उधेवाडीत एका घरी पिठलं-भाकरीचं सांगून ठेवलंय. दोन रनर, पक्कड, सुई-दोरा आणि मेणबत्तीचा तुकडा खुंट्यांच्या पिशवीत आहेत. कुणाच्या टेंटची चेन अशीच गेली असेल तर टाकायच्या आधी रनरच्या मागचा आकडा बघून घ्या.