जळगावात होणाऱ्या आईबाबांसाठीचा एक क्लास केला, साडेतीन स्टार

क्लासचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण करायचीय.

आधी माझं सांगतो. डिसेंबरात बायकोला दुसरा महिना, अन उलट्या मला. बामणोदची वांगी आणली, शेतात कापसाच्या काड्यांवर भाजायला घेतली, त्या धुराने मी बांधावर जाऊन ओकलो आणि ही मात्र कळण्याच्या भाकरीसोबत दोनदा भरीत घेऊन बसली. मग दाढ दुखायला लागली, एक्सरेत काही नाही. वजन पाच किलो वाढलं. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, मित्र म्हणे "काय भो, तुले बी डोहाये लागले का?" हसलो, पण रात्री झोप येईना, ते कोणाला सांगितलं नाही.

सातव्या महिन्यात हा क्लास लावला, चार रविवार, जोडीचे २४०० रुपये. तिसऱ्या रविवारी डॉक्टरबाईंनी सगळ्या नवऱ्यांना विचारलं, "तुम्हाला काय काय होतंय?" सगळे गप. मग एकाने अॅसिडिटी सांगितली आणि पाठोपाठ पाच जणं बोलले. बायको गरोदर असताना नवऱ्याला होणाऱ्या अशा त्रासाला कुव्हाड म्हणतात म्हणे, फ्रेंचमधल्या अंडी उबवण्याच्या शब्दावरून. आजारांच्या यादीत हे नाही, पण होणाऱ्या बापांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं काही अभ्यासांत दिसलंय, अन टेन्शनचा भाग वेगळाच. दाढेचं कोडं तिथे सुटलं.

मग पोटावर वाळूचा सात किलोचा पट्टा बांधून सतरंजीवर झोपायला लावलं आणि म्हणे उठा. सरळ उठताच येईना. आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा देऊन. ही रात्री तीनदा असं उठते अन मी शेजारी घोरतो (म्हणजे झोप लागलीच तर).

आता तक्रार. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सात महिन्यांच्या बाया मे महिन्याच्या उन्हातून येऊन जिना चढतात, कुलरमध्ये पाणी नाही, बाथरूम खालीच. बापांसाठी जेमतेम चाळीस मिनिटं अन शेवटचा अख्खा रविवार प्रोटीन पावडरचे डबे विकण्यात. आम्ही घेतला नाही तर तोंड वाकडं. दीड स्टार त्याचाच कापला.

परवा तोच 'डोहाये'वाला मित्र फोनवर हळूच विचारत होता, वहिनीला तिसरा लागलाय अन याला सकाळी चहा नको वाटतो. पत्ता पाठवला, पाण्याची बाटली घरून ने म्हटलं.