चुकलेलं विमान, संपत आलेली क्रेडिट शेल : सहा महिन्यांच्या पाठपुराव्यानंतरचा अनुभव

२१ डिसेंबर २०२४, शनिवार. पुण्याहून दिल्लीचं विमान दुपारी २ वाजून १० मिनिटांनी सुटणार होतं. आम्ही चौघं साताऱ्याहून सकाळी साडेआठला निघालो: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. एरवी पावणेतीन तासांची वाट, म्हणून वेळ भरपूर आहे असं वाटत होतं. सुरूर फाट्याच्या पुढे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. खंबाटकीच्या बोगद्याच्या तोंडाशी एक कंटेनर बंद पडला होता. तिथे दीड तास गेला आणि नवले पुलाजवळ आणखी चाळीस मिनिटं. लोहगावला पोचलो तेव्हा १ वाजून २५ मिनिटं झाली होती, आणि काउंटर १ वाजून १० मिनिटांनीच बंद झाला होता. विमान समोर उभं होतं, पण आमच्यासाठी ते गेलेलंच होतं.

सासूबाईंचा हा पहिला विमानप्रवास होता. दिल्लीला नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पिशवीत कंदी पेढ्यांचे दोन खोके होते. पुढच्या विमानाची तिकिटं माणशी चौदा हजारांच्या वर गेली होती, त्यामुळे आम्ही परत फिरलो. तिकिटांचे पैसे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आपल्या पेन्शनमधून दिले होते. म्हणून मी ठरवलं की यातला जो रुपया परत मिळण्यासारखा आहे, तो मिळवायचाच.

जाण्याची चार तिकिटं २७,६०० रुपयांची, एका ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीकडून काढलेली. येण्याची चार २४,८०० रुपयांची, दुसऱ्या विमान कंपनीच्या साइटवरून थेट क्रेडिट कार्डाने. दोन्हींच्या वाटा पुढे अगदी वेगळ्या झाल्या, म्हणून वेगवेगळ्याच सांगते.

आधी माझी चूक, कारण सगळ्यांत जास्त पैसे तिथेच गेले. बाराला पाच कमी असताना आम्ही नवले पुलावर उभे होतो आणि फोनमधला नकाशा विमानतळावर पोचायची वेळ १ वाजून २० मिनिटं दाखवत होता. जाण्याच्या विमान कंपनीच्या अटींप्रमाणे विमान सुटण्याच्या दोन तास आधीपर्यंत, म्हणजे १२ वाजून १० मिनिटांपर्यंत, तिकीट रद्द करता येत होतं किंवा पुढच्या तारखेला हलवता येत होतं. शुल्क कापूनही चार तिकिटांचे दहा हजारांच्या आसपास वाचले असते. आम्ही मात्र ‘पोचू, पोचू’ म्हणत राहिलो. ती पंधरा मिनिटं हातातून गेली आणि आमची तिकिटं ‘नो-शो’ झाली. नो-शो म्हणजे प्रवासी आलाच नाही. मग मूळ भाडं आणि इंधन अधिभार बुडतात. रस्त्यात अडकलात आणि वेळ टळणार हे नकाशावर दिसू लागलं, तर गाडीत बसूनच तिकीट उघडा आणि रद्द करण्याची शेवटची वेळ बघा. घाट मोकळा होईल या आशेवर ती वेळ जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी विमान कंपनीला मेल लिहिली. घाटातली कोंडी, कंटेनर, वयस्क सासूबाई, सगळं लिहिलं आणि तिकिटांचे पैसे परत करा म्हटलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं : नो-शो, परतावा नाही. मला वाटलं, संपलं.

संपलेलं नव्हतं. मी मागितलं तेच चुकीचं होतं. विमानाच्या तिकिटाची रक्कम म्हणजे एकच भाडं नसतं. त्यात मूळ भाडं असतं, इंधन अधिभार असतो, आणि त्याशिवाय विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क, विमान सुरक्षा शुल्क, सरकारी कर असे तुकडे असतात. हे शेवटचे तुकडे विमान कंपनीच्या कमाईचे नसतात, ती फक्त ते गोळा करते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, तिकीट परताव्याच्या नियमांत (सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २) हे स्पष्ट आहे : प्रवाशाने तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा तो नो-शो झाला, तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं कंपनीने परत करायची. तिकीट सवलतीचं असो, मूळ भाडं परत न मिळणारं असो, हा नियम लागू राहतो. १ ऑगस्ट २०१६ पासून या तरतुदी आहेत. मी इतकी वर्षं विमानाने जात होते आणि मला याचा पत्ताही नव्हता.

२ जानेवारीला दुसरी मेल लिहिली. यात ना कंटेनर, ना सासूबाई. पीएनआर, चारही ई-तिकिटांचे क्रमांक, नियमाचा उल्लेख आणि एकच मागणी : ‘न वापरलेल्या चार तिकिटांवरचे वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत करावे आणि त्याचा तपशील द्यावा.’ सोबत तिकिटाची जीएसटी पावती जोडली. पीएनआर टाकून ती कंपनीच्या साइटवरून काढता येते आणि कोणत्या शीर्षाखाली किती पैसे घेतले हे तिच्यात छापलेलं असतं. ही पावती आधी काढा, मगच पत्र लिहा. तिच्यातले आकडे समोर ठेवले की पलीकडचा माणूस मोघम उत्तर देऊ शकत नाही.

या वेळी नकार आला नाही. ‘आपल्या एजंटशी संपर्क साधा’ असं उत्तर आलं. एजंट, म्हणजे ती ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनी, म्हणाला, ‘विमान कंपनीकडून पैसे आलेले नाहीत.’ विमान कंपनी म्हणाली, ‘आम्ही एजंटकडे दिले.’ दीड महिना हा चेंडू इकडून तिकडे जात राहिला. माझ्या तिकिटांना लागू असलेल्या नियमात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचीही जबाबदारी विमान कंपनीवरच होती, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. त्यासाठी मुदत होती ३० कामाचे दिवस. मी वहीत दिवस मोजत होते. मुदत उलटल्यावर १७ फेब्रुवारीला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार टाकली.

एअरसेवाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडं सविस्तर. नोंदणीला मोबाइल क्रमांक पुरतो. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती थेट त्या विमान कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याकडे जाते. मला जो फरक पडला तो इथे. ग्राहक सेवेत दर वेळी नवा माणूस नव्याने सगळं विचारायचा, इथे एकाच अधिकाऱ्याने तीन उत्तरं दिली आणि आधीचा पत्रव्यवहार वाचून दिली. तक्रारीचा मजकूर मात्र छोटा ठेवावा लागतो. मी आधी वर्डमध्ये लिहून, कापून कापून आठ ओळींवर आणला. ३ मार्चला खात्यात २,२१२ रुपये आले.

पावतीप्रमाणे यायला हवे होते ३,२१२, म्हणजे तिकिटामागे ८०३. एजंटने तिकिटामागे २५० रुपये ‘प्रक्रिया शुल्क’ कापलं होतं. नवरा म्हणाला, ‘हजार रुपयांसाठी किती डोकं लावशील, सोड आता.’ पण ते हजार रुपये आईंचे होते. मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं, तक्रार नोंदली गेली, आणि मार्च संपायच्या आत एजंटने हजार रुपये परत केले. तेवढ्यानेही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे मला साताऱ्यातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

आता येण्याची तिकिटं. ती २१ डिसेंबरला संध्याकाळी घरी परतल्यावर मी स्वतः रद्द केली. तिकिटामागे ३,२९९ रुपये कापले गेले आणि उरलेले चौघांचे ११,६०४ रुपये कार्डावर न येता क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे त्याच कंपनीचं पुढचं तिकीट काढायला तिच्याकडेच जमा राहणाऱ्या रकमेत, गेले. मुदत सहा महिने, २१ जून २०२५ पर्यंत. डीजीसीएचा नियम असा की परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपणहून तसं करायचं नाही, आणि कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत द्यायचे. मी हेच लिहून पाठवलं. कंपनीने मला माझ्याच निवडीची नोंद दाखवली : रद्द करताना दोन पर्याय होते, आणि त्यातला ‘क्रेडिट शेल’ मी दाबला होता. त्या संध्याकाळी मी कुठलं बटण दाबत होते हे मला खरंच आठवत नाही. पुढे मी वाद घातला नाही. पण तुम्ही तिकीट रद्द कराल तेव्हा त्या पानावर थांबा, दोन्ही पर्याय वाचा, स्क्रीनशॉट घ्या आणि मगच बोट लावा.

क्रेडिट शेलमधले पैसे आपलेच असतात, हे डोक्यात पक्कं राहिलं पाहिजे. विमान उशिरा सुटल्यावर सांत्वनाला मिळालेलं व्हाउचर वेगळं, ती भेट असते. क्रेडिट शेल म्हणजे आपण भरलेली रक्कम. लॉकडाउनच्या काळात हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात तेव्हाच्या क्रेडिट शेलला ३१ मार्च २०२१ पर्यंत मुदत मिळाली, ती दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय झाली आणि न वापरलेली रक्कम परत करायचा आदेश झाला. पण तो निकाल त्या काळातल्या तिकिटांपुरता होता. आजच्या क्रेडिट शेलला तो दाखवून उपयोग नाही.

मुदतीच्या आत पैसे वापरायचे तर एक प्रश्न लेखी विचारून घ्या : २१ जून ही तिकीट काढायची शेवटची तारीख की प्रवासाची? मला फोनवर एकाने प्रवासाची म्हणून सांगितलं आणि मेलवर दुसऱ्याने तिकीट काढायची. मेल खरी ठरली. नाहीतर मी जूनमध्ये ४४ अंशांच्या दिल्लीत आईंना घेऊन गेले असते. दुसरी अट अशी की मूळ चार प्रवाशांपैकी कुणीतरी नव्या तिकिटावर असायला हवं. तिसरी गोष्ट वापरताना कळली : क्रेडिटने काढलेलं तिकीट पुन्हा रद्द केलं तर उरलेली रक्कम जुन्याच मुदतीसह परत येते, नवी मुदत मिळत नाही. त्यामुळे मुदत लांबवायला ‘तात्पुरतं काहीतरी बुक करू’ हा सल्ला ऐकू नका, त्यात फक्त आणखी एकदा शुल्क जातं. इंग्लंडमधला माझा भाऊ म्हणाला, तिकडे प्रवास झाला नाही तर ‘एअर पॅसेंजर ड्यूटी’ हा कर परत मागता येतो, पण कंपन्या त्यातून प्रशासकीय शुल्क कापू शकतात. परदेशात राहणाऱ्यांनी तेही तपासावं.

हिशेब असा. गेले ५२,४०० रुपये, हाती लागले १४,८१६. त्यातले ३,२१२ रोख आणि ११,६०४ क्रेडिट. शंभरातले जेमतेम २८ रुपये. वहीची अकरा पानं, एकोणीस मेल, सात फोन. ज्याला दीड महिना दिवस मोजत बसणं जमणार नाही, त्याने निदान करांचं एक पत्र लिहावं. त्याला अर्धा तास लागतो.

क्रेडिट शेल १४ जूनला वापरली. १७ ऑक्टोबरची, दिवाळीच्या आधीची, आई आणि मी, पुणे ते दिल्ली, दोन तिकिटं १०,७०० रुपयांना. उरलेल्या ९०४ पैकी ९०० रुपयांत पुढच्या रांगेतल्या दोन जागा घेतल्या, आईंची खिडकीची. साताऱ्याहून आम्ही १६ तारखेलाच निघणार आहोत, मुक्काम पुण्यात माझ्या बहिणीकडे, विमाननगरला. पेढ्यांचे खोके या वेळी तीन न्यायचे असं आईंनी परवाच सांगितलं.